ओझ्याकडून अक्षराकडे

(कन्हान परिसरातील शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



महाराणी व्हिक्टोरियाच्या काळातील स्त्रीशिक्षण म्हटले की पुण्यामुंबईच्या विदुषींची नावे प्रथम आठवतात. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई १८७३ मध्ये विवाहानंतर पतीजवळ शिकू लागल्या. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांची बोलणी त्यांना सोसावी लागली. तथापि पोटासाठी त्यांना घराबाहेर पडावे लागले नाही. जिला अक्षरापूर्वी ओझे उचलावे लागले, अशा मुलीची कहाणी मात्र या नागपूर-कामठीच्या वाटेवरच घडली.

जाईबाई चौधरी यांचा जन्म १८९२ साली उमरेड येथे, अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबात झाला. १८९६ च्या दुष्काळात हे कुटुंब नागपुरास आले. महाराणीने सम्राज्ञीपद धारण केले त्याच दिवशी, १ जानेवारी १८७७ रोजी, नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली होती. शहर नवे होत होते. शिवाशिव मात्र जुनीच होती. १९०१ साली महाराणीचे निधन झाले आणि त्याच वर्षी जाईबाईंचा बालविवाह झाला.

पुढे उदरनिर्वाहासाठी त्या हमाली करू लागल्या. कन्हानकाठच्या कामठी छावणीपासून नागपूर सुमारे पंधरा किलोमीटर. या वाटेने त्यांनी ओझी वाहिली. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंशी त्यांची गाठ पडली व त्यांच्या साहाय्याने दरमहा ४ रुपये वेतनावर शिक्षिकेची नोकरी मिळाली. परंतु शिक्षिका अस्पृश्य समाजातील आहे हे कळताच सवर्ण पालकांनी विरोध केला आणि नोकरी गेली. तक्रार जातीविषयी होती, अध्यापनाविषयी नव्हे.

जाईबाई खचल्या नाहीत. १९२२ साली त्यांनी नागपुरात संत चोखामेळा यांच्या नावाने मुलींची शाळा काढली. ज्या दारातून त्यांना बाहेर काढले गेले, तसलेच दार त्यांनी इतर मुलींसाठी उघडले.

आज ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक बालकास २००९ च्या कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मात्र पटावर नाव असूनही जी मुलगी वर्गात दिसत नाही, तिच्या डोक्यावर कोणते ओझे आहे, याची चौकशी कायदा स्वतः करू शकत नाही. ती शिक्षकाने आणि पंचायत सदस्याने तिच्या घरी जाऊनच करावयाची आहे. जाईबाईंचे खरे स्मरण तेच होय.