सूर्याची नादपरीक्षा

(नागरा, जि. गोंदिया येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



उन्हाळ्याच्या तोंडावर माठ घेताना आपल्या घरातली आजी वरच्या रंगाला भुलत नाही. ती बोटाने माठ वाजवून पाहते. आत चीर असली की आवाज बद्द येतो. न फोडता आतले जाणण्याची हीच युक्ती शास्त्रज्ञांनी सूर्याला लावली आणि त्या कार्यात मुंबईकरांचा मोलाचा वाटा आहे.

१९६० मध्ये अमेरिकेत रॉबर्ट लेटन यांना आढळले की, सूर्याचा पृष्ठभाग सुमारे पाच मिनिटांच्या तालाने वर-खाली होतो. सूर्याच्या पोटात कोंडलेल्या ध्वनिलहरींचे ते स्पंदन. पोकळीतून ध्वनी येत नाही, मग ते कळते कसे? गोंदिया स्थानकातून न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी जवळ येताना चढी, दूर जाताना उतरती ऐकू येते. तसाच फरक प्रकाशातही पडतो. हा ताल अखंड टिपायचा तर सूर्य मावळता कामा नये! म्हणून १९९५ मध्ये जगात सहा ठिकाणी एकसारखी उपकरणे कार्यान्वित झाली. त्यांतील एक आपल्या उदयपूरला.

त्या सुमारास एक जुना वाद धुमसत होता. सूर्याच्या गाभ्यातून न्यूट्रिनो नावाचे कण बाहेर पडतात. रेमंड डेव्हिस यांनी १९६८ पासून एका खोल खाणीत ते मोजले, तर अपेक्षेच्या जेमतेम एक तृतीयांश! गाभा थोडा थंड मानला तर न्यूट्रिनो कमी भरतात. म्हणून संशय आला तो खगोलशास्त्रज्ञांच्या सूर्यावर. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील प्रा. शशिकुमार चित्रे आणि प्रा. एच. एम. अंतिया यांनी, जगातील इतर गटांप्रमाणेच, कंपनांचा आधार घेतला. ध्वनीचा वेग तापमानावर आणि वायूच्या घटकांवर ठरतो. त्या वेगावरून गाभ्याचे तापमान सुमारे दीड कोटी अंशच निघाले. अंतरंगाविषयीची गृहीतके सैल करून पाहिली, तरी निरनिराळ्या प्रयोगांचे आकडे एकत्र जुळेनात. माठ पक्का होता. कच्ची होती ती न्यूट्रिनोंविषयीची आपली समजूत. हे कण वाटेतच रूप पालटतात, हे कॅनडातील सडबरीच्या प्रयोगाने २००१-०२ मध्ये सिद्ध केले. चित्रे २०२१ मध्ये निवर्तले. त्यांचे नाव आपल्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे, हा प्रश्न मला बोचतो.

आता हीच परीक्षा दूरच्या ताऱ्यांची होते. फुगलेले तांबडे तारे बाहेरून सारखेच दिसतात. पण कोणाच्या गाभ्यात हेलियम पेटला आहे आणि कोणाच्या नाही, हे केपलर अवकाश दुर्बिणीने टिपलेल्या कंपनांवरून २०११ मध्ये वेगळे करता आले. हिवाळ्यात आपल्या अंगणातून दिसणारी रोहिणी अशीच एक तांबडी तारका. तिच्या कंपनांवरून २०१८ मध्ये तिचे वस्तुमान काढले गेले. ते सूर्याच्या सुमारे १.१६ पट भरले.