दुःखिताच्या दारी प्रथम कोण जातो?

(मंडळाच्या परभणी येथील वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने 'बुवाबाजी आणि आपला समाज' हा विषय आमच्याकडे सोपविला, तेव्हा बुवांचा यथेच्छ समाचार घ्यावा व टाळ्या पडल्या की खाली बसावे, इतकीच अपेक्षा असावी. हा मार्ग सुलभ खरा. परंतु गेली कित्येक वर्षे तोच चोखाळूनही बुवांच्या बैठकींची गर्दी ओसरलेली नाही, आणि विवेकाची भाषा बोलणाऱ्यांच्या सभेत मात्र पहिल्या दोन रांगांमागची सतरंजी रिकामीच राहते. म्हणून बुवा लबाड आहे की नाही, हा प्रश्न आज क्षणभर बाजूस ठेवू. माणूस त्याच्याकडे कशासाठी जातो आणि आपल्याकडे का येत नाही, एवढेच पाहू.

परभणीकरांस या विषयाची ओळख करून देण्याची गरज नाही. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या अवधीत आपल्याच जिल्ह्यातील मानवत येथे दहा जीवांची हत्या झाली. दहा वर्षांच्या आसपासच्या पाच मुली, एक वर्षभराचे मूल आणि चार स्त्रिया. गुप्तधन सापडावे, मूल व्हावे, यासाठी बळी दिले गेल्याचे खटल्यात पुढे आले; प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले व १९७७ साली तेथे निकाल लागला. वडीलधाऱ्यांपैकी अनेकांस ते दिवस आठवत असतील. दिवेलागणीनंतर मुलींना अंगणातही जाऊ देत नसत. त्याच १९७२ साली परभणीस कृषी विद्यापीठ स्थापन झाले होते. ज्ञान जवळ येऊन राहिले म्हणजे ते घरात शिरतेच असे नाही, हे आपल्या जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे.

अशा अघोरी प्रकारांना स्वतंत्र कायद्याने पायबंद बसावयास त्यानंतर चार दशके जावी लागली. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षे झगडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घालून त्यांची हत्या झाली. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला. सर्पदंश झालेल्या माणसास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करीत बसणे आज गुन्हा आहे. (वारी, कीर्तन, प्रवचन यांस या कायद्याने हात लावलेला नाही. तसा अपप्रचार अजूनही कानी येतो, म्हणून सांगितले.) कायदा हवाच होता. पण कायदा फार तर बुवाचा हात धरील. रडणाऱ्या माणसाच्या उशाशी रात्रभर बसून राहण्याचे कलम कोणत्याच कायद्यात घालता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी आपल्या तरुण मंडळींनी एका तालुक्याच्या गावी चमत्कारांच्या प्रयोगांचा कार्यक्रम ठेविला होता. व्याख्याते उत्तम होते. जिभेवर जळता कापूर ठेविला. तूप म्हणून ग्लिसरीन ओतताच पोटॅशियम परमँगनेट कसे आपोआप पेट घेते, ते दाखवून मंत्राग्नीचे रहस्य उलगडले. लोक पोट धरधरून हसले. व्याख्याते शेवटच्या एस.टी.ने परत गेले, आणि पुढच्या गुरुवारी त्याच प्रेक्षकांपैकी पुष्कळजण एका महाराजांच्या बैठकीस जाऊन बसले. आमची मुले संतापली. "अडाणी ते अडाणीच!" असे उद्गार निघाले, आणि आम्हीही त्यास मान डोलाविली, हे कबूल केले पाहिजे.

आमचा तो अहंकार उतरविला गोदाकाठच्या एका गावातील, आपल्याच समाजाच्या एका माउलीने. तिच्या कर्त्या मुलाने कर्जापायी आत्महत्या केली. मागे सून व दोन नातवंडे. आपल्या मंडळाने सहामाही बैठकीत दुखवट्याचा ठराव एकमताने संमत केला, स्मरणिकेत काळ्या चौकटीत त्या मुलाचे छायाचित्र छापले, आणि आपले कर्तव्य पार पडले असे आपण समजलो. चार महिन्यांनी माउली बैठकीस जाऊ लागली, गळ्यातील होते नव्हते ते सोनेही तिने दिले, असे कळले; तेव्हा आम्ही तिघेजण मोटार करून तिची समजूत घालावयास गेलो. तिने चहा दिला, सर्व ऐकून घेतले आणि म्हणाली, "दादा, तुम्ही आज आलात ते असल्या नादी लागू नका म्हणून सांगायला. ती माणसं पहिल्या दिवशी आली, आणि चूल पेटली का म्हणून विचारलं. तेरा दिवस त्यांच्याच घरच्या भाकरी आम्ही खाल्ल्या."

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. सोने गेले ते वाईटच झाले, आणि ते घेणाऱ्यास आम्ही क्षमा करीत नाही. परंतु ती बाई अंगाऱ्यासाठी तेथे गेली नव्हती. तिला दर गुरुवारी कोणी तरी नावाने हाक मारीत होते, झाडलोटीचे का होईना एक काम देत होते, आली नाही तर निरोप पाठवीत होते. गंगाखेडच्या जनाबाईंची कथा आपल्या घराघरांत सांगतात. तिचा विठ्ठल आकाशातून सोन्याचा पाऊस पाडीत नाही, जात्याशी बसून दळू लागतो. लोकांस देव हवा तो असा हवा. बुवांनी हे ओळखले. आपण प्रयोगाचे सामान घेऊन फिरलो.

महाराष्ट्राच्या इतिहासातही हेच दिसते. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा निघाली. जातिभेद मोडू पाहणारे विद्वान तीत होते, परंतु सभा चालली गुप्तपणे. सभासदांची नावे बाहेर फुटताच ती मोडली. याउलट २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापिला, तेव्हा नुसता विचार मांडून ते थांबले नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरात भटजीवाचून विवाह लावून दाखविला. १८७७ च्या दुष्काळात धनकवडीस उपाशी मुलांसाठी अन्नाची सोय केली. पुढे सत्यशोधकी जलसे गावोगाव फिरले. लग्न, भूक आणि करमणूक या तीन दारांनी तो विचार घरांत गेला. (तो समाज सर्व जातींस खुला होता, आणि आम्ही हे जातीच्या व्यासपीठावरून सांगत आहोत, यातील विसंगती आम्हांस दिसते. श्रोत्यांसही दिसावी.)

गाडगेमहाराजांचे तर काय सांगावे! हाती खराटा. सकाळी गाव झाडावयाचे व रात्री त्याच गावास कीर्तनातून प्रश्न विचारावयाचे. पायांस हात लावू देत नसत. जमलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. १९५६ साली ते गेले. दाभोलकरांनीही साताऱ्यास व्यसनमुक्तीचे केंद्र उभारले होते, ही गोष्ट त्यांच्या भाषणांइकी प्रसिद्ध नाही, परंतु आमच्या दृष्टीने तिचे मोल अधिक आहे. दारुड्याची बायको व्याख्यान ऐकावयास येत नाही. नवऱ्याची दारू सुटेल म्हणून येते.

आता घरचे बोलू. आपले मंगल कार्यालय गुरुवारी बैठकींस भाड्याने दिले जाते, आणि त्या भाड्यातून आपण विद्यार्थ्यांस पारितोषिके वाटतो. गतवर्षी कोनशिलेसाठी एका महाराजांस पाचारण केले, ते केवळ गर्दी व्हावी म्हणून. त्या निमंत्रणावर आमचीही सही होती. कार्यालय देणे बंद करा, असा ठराव आज काहींनी आणला आहे. आमचे मत त्याविरुद्ध आहे. कुलूप लावल्याने बैठक समोरच्या मैदानात भरेल, आणि आपल्या कार्यालयात रिकाम्या खुर्च्या राहतील. आधी आपला एक वार ठरवा.

कोणी विचारतात, मग आपणही तसलाच पंथ काढावयाचा काय? भय रास्त आहे. म्हणून दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्या लागतील. पैशाचा हिशेब दर महिन्यास फलकावर लागला पाहिजे, आणि जो येणार नाही त्याची मदत थांबता कामा नये. बुवाच्या घरात शिरणे सोपे असते, बाहेर पडणे कठीण. आपल्याकडे दोन्ही सोपे असावे.

जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांत प्रत्येकी दोन जोडपी आम्हांस हवी आहेत. दुःखाच्या घरी पहिल्या दिवशी डबा घेऊन जावयाचे, तेराव्यानंतरही वर्षभर महिन्यातून एकदा जावयाचे, बँकेचे व तहसिलीचे कागद करून द्यावयाचे. श्रद्धेचा विषय आपण होऊन काढावयाचा नाही. तिकडून निघाला तर खोटे बोलावयाचे नाही. खर्चासाठी स्मरणिकेच्या जाहिरातींच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा मागितला आहे. खजिनदारांनी अद्याप मान हालविलेली नाही.

त्या माउलीकडे आम्ही उभयता गेले सात महिने जात आहोत. तिचा गुरुवार अजून चुकलेला नाही. आम्ही सोमवारी जातो. नात आता परभणीस शिकावयास आली आहे, आणि मागील खेपेस सुनेने आपण होऊन कर्जाचे कागद आमच्यापुढे ठेविले. भोजनमंडपाच्या दाराशी एक वही ठेविली आहे. सोनपेठ, पालम व जिंतूर यांची पाने सकाळपर्यंत कोरी होती. जेवून परतताना तेवढी पाहावीत.