खंजिरीवरचा कवी

तुकडोजी महाराजांचे नाव घेतले की आपले हात आपोआप जोडले जातात. ते योग्यच आहे. पण संत म्हणून नमस्कार करताना त्यांच्यातला कवी पुष्कळदा आपल्या नजरेआड होतो. आज मला त्या कवीविषयी, गीतकाराविषयी बोलायचे आहे.

३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावी त्यांचा जन्म झाला. नाव माणिक बंडोजी इंगळे. घरी गरिबी आणि शिक्षण प्राथमिक शाळेपुरतेच. वरखेडच्या आडकोजी महाराजांपुढे हा मुलगा भजने म्हणू लागला. 'तुकड्या' हे नाव त्याला गुरूंकडून मिळाले आणि भजनाच्या शेवटी 'तुकड्यादास' ही नाममुद्रा येऊ लागली. तरुणपणी ते आमच्या बाजूच्या रानात आले. चिमूर तालुक्यातल्या रामदिघी आणि गोंदोडा या जागा त्यांच्या साधनेच्या म्हणून आजही लोक दाखवतात.

मी सावलीचा. आमचा मुलूख धानाचा आणि जंगलाचा. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या आठवडी बाजारात झाडीबोली, गोंडी, तेलुगू, हिंदी असे सगळेच कानावर पडते. अशा मुलखात सर्वांना कळेल आणि म्हणता येईल असे गाणे रचायचे म्हणजे सोपे काम नव्हे. महाराजांनी मराठीबरोबर हिंदीतही भरपूर लिहिले, त्याचे एक कारण मला यात दिसते. शब्द रोजच्या बोलण्यातले. ध्रुपद आटोपशीर. बुवांनी ओळ एकदा म्हटली की समोर बसलेल्याला ती लगेच उचलता यावी. वाद्य खंजिरी, एका हातात मावणारे; पायी फिरणाऱ्याला त्याचे ओझे होत नाही.

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. पण रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकून ती आणि सोबतच्या बाया ही भजने म्हणत. एकीने ओळ सोडायची, बाकीच्यांनी धरायची. एकीला शब्द आठवला नाही तर दुसरी पुरवायची. आठ-दहा जणींची मिळून ती एक वहीच होती.

या गाण्यांनी कामे घडवली, हे विसरता येत नाही. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम सुरू झाला. पुढे गावोगावी गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा निघाल्या. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, पहाटे रामधून आणि हातात झाडू घेऊन ग्रामसफाई. रात्री म्हटलेल्या भजनाचा अर्थ सकाळी गल्लीत दिसे. १९३६ साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन आमच्या सावलीला भरले. इथले खादीचे काम तेव्हा नावाजलेले होते. त्या अधिवेशनासाठी गांधीजी सावलीला आले होते. त्याच वर्षी महाराज सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, गांधीजींच्या सहवासात राहिले.

मग १९४२ आले. १६ ऑगस्टला चिमूर पेटले. सोळा वर्षांचा बालाजी रायपूरकर पोलिसांच्या गोळीने पडला. महाराजांच्या भजनांनी त्या भागातली मने आधीच तापवली होती. साध्या माणसाच्या हाती जे असेल तेच लढ्याचे साधन होईल, असा विश्वास ती भजने देत होती. सरकारला हे कळले होते. ऑगस्टच्या अखेरीस महाराजांना चांद्याला अटक झाली, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवले गेले, आणि डिसेंबरात सुटका झाली. एका कवीच्या शब्दांची सरकारने यापेक्षा वेगळी दखल काय घ्यायची?

स्वातंत्र्यानंतर त्यांनी 'ग्रामगीता' लिहिली. ४१ अध्याय, ४६७५ ओव्या. ओवी जात्यावरही होती आणि पोथीतही. म्हणून ती निवडण्यात शहाणपण होते. त्या ओवीत त्यांनी विहीर, रस्ते, शाळा, आरोग्य, लग्नातला खर्च, श्रमाची प्रतिष्ठा हे विषय आणले. मोक्षाच्या शेजारी शौचकूप बसवणारे असे काव्य आपल्याकडे फार नाही. १९५५ मध्ये ते जपानला विश्वधर्म परिषदेला गेले, तेव्हाही खंजिरी सोबत होती. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी ते गेले. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले.

नाव मोठे झाले, पुतळे उभे राहिले. मला काळजी वाटते ती चालींची. पुस्तकात शब्द छापता येतात. चाल मात्र गळ्यातून गळ्यात जाते. आता बऱ्याच गावांत संध्याकाळी भोंग्यावर ध्वनिमुद्रित भजन लागते. आवाज दूरवर जातो, पण ओळ उचलणारे कोणी नसते. एकाने म्हणायचे आणि दहांनी धरायचे, या रीतीसाठी जे काव्य रचले, ते नुसते ऐकून निम्मेच कळते.

म्हणून विनंती एवढीच. तुमच्या गावात ही भजने म्हणणारे एखादे म्हातारे माणूस असेल, तर येत्या आठवड्यात त्यांच्याजवळ जाऊन बसा. एक भजन चालीसकट शिकून घ्या. मोबाइलवर उतरवून ठेवा, हरकत नाही. पण आधी त्यांच्यासोबत म्हणा. चुकलेला शब्द ते दुरुस्त करतील. ती दुरुस्ती कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)