गावाची पांढरी
(महोत्सवप्रसंगी केलेले भाषण)



महोत्सवात वाडवडिलांचे स्मरण करण्याचा रिवाज आहे. आज आम्ही त्यांनी ज्या मातीवर घरे बांधली तिच्याविषयी बोलणार आहो. आपल्या मराठवाड्यात पिकते ती काळी आणि माणसे राहतात ती पांढरी. काळी कोणाची, हे कागद सांगतो; पांढरी अमुकच ठिकाणी का, हे मात्र पुष्कळदा पाण्याने व रोगाने ठरविलेले असते.

नांदेडकडे गोदावरीच्या व लातूरकडे मांजरेच्या खोऱ्यात गावे नदी-ओढ्यास लागून, पण पुरापासून किंचित उंचावर बसलेली आढळतात. हिशेब शहाणपणाचा खरा. तथापि ज्या ओढ्याचे पाणी प्यावयाचे त्याच्याच काठी बहिर्दिशेस जावयाचे, तेव्हा पटकी तेथूनच गावात शिरे. पायऱ्यांच्या बारवेत घागर बुडविताना पाय पाण्यात जात, आणि पायाच्या फोडातून नारूची पिले पाण्यात सुटून ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात जात. नारू काडीवर हळूहळू गुंडाळीत बसलेला मनुष्य आम्ही बालपणी डोळ्यांनी पाहिला आहे. २००० साली भारत नारूमुक्त ठरला.

निजामी अमलात नांदेड जिल्ह्याची वस्ती १८९१ साली सव्वासहा लाखांहून अधिक होती. १९०१ च्या शिरगणतीत ती पाच लाखांच्या आसपास उतरली. मधे १८९९-१९०० चा दुष्काळ व त्यामागून आलेली रोगराई होती. १८९६ साली मुंबईस उतरलेला प्लेग पुढे दक्षिणेत पसरला. घरात उंदीर मरून पडू लागले की गाव उठे आणि शेतात खोपी घालून राही. कोणी परतले, कोणी विहिरीच्या आधाराने तेथेच राहिले, व त्यांची वाडी झाली. १९१८ च्या मानमोडीने आणखी घरे रिकामी केली. ज्या गावी कोणीच परतले नाही त्यास महसुली दप्तरात ‘बेचिराग’ म्हणतात, म्हणजे जेथे दिवा लागत नाही ते.

मरीआईचा गाडा शिवेपलीकडे नेऊन सोडीत, म्हणजे रोग शेजाऱ्याच्या शिवारात जाई! यास कोणी हसू नये. मुंबईत वांद्र्याच्या व गिरगावच्या आपल्याच लोकांनी त्या काळी गल्लीच्या तोंडाशी क्रूस उभारले. भीती एकच होती. परंतु गाव पुन्हा बसे तेव्हा उंचवटा कोणास व सखल कड कोणास, हे जुन्याच मापाने ठरे, आणि कडेस राहणाऱ्यास चांगल्या विहिरीवर घागर लावता येत नसे. आपल्यातील पुष्कळांचे आजे-पणजे त्या कडेच्या वस्तीतले, हे आम्ही लपवून का ठेवावे?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीकडे भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती व वर मातीचे माळवद, ही घरे उन्हाळ्यात गार राहत. तीच अंगावर कोसळून हजारो माणसे गेली. पुढे पन्नासाहून अधिक गावे नव्या जागी वसविण्यात आली, आणि घरांचे माप जमिनीवरून ठरले: भूमिहीनास व अल्पभूधारकास अडीचशे चौरस फूट, मधल्यास चारशे, मोठ्या शेतकऱ्यास साडेसातशे. घर पडले ते सर्वांचे सारखेच पडले होते. मदत मोठी झाली, हे कृतज्ञतेने म्हणतो. हे माप मात्र आमच्या मनास आजही टोचते.

आपल्या बाप्तिस्म्याच्या वहीत नावे आहेत, तारखा आहेत. कोणते कुटुंब कोणत्या गावाहून व कशामुळे उठून आले, हे कोठेही लिहिलेले नाही. ज्या वृद्धांस ते ठाऊक आहे ते आता थोडे उरले आहेत. म्हणून पुढल्या रविवारपासून मिस्सानंतर आम्ही एक कोरी वही घेऊन मंदिराच्या ओसरीवर बसणार आहो. आजीबाईंना हात धरून आणावे. नातवंडांनीही जवळ बसावे.