गर्दीतून घडलेली काच

(नभोवाणीवरील भाषण)

रामाकोन्याच्या परिसरात, किंबहुना सौंसर व पांढुर्णा या सबंध टापूत, संत्र्यांचा हंगाम आला की दोन तऱ्हांचे ढीग दृष्टीस पडतात. एक बागेतून आणून ओतलेल्या फळांचा अस्ताव्यस्त ढीग. दुसरा विक्रेत्याने थरावर थर रचलेला, ज्यात वरचे प्रत्येक फळ खालच्या फळांमधील खळग्यात नेमके बसते. संत्रे थोडे चपटे व मऊ असते. त्याऐवजी अगदी गोल, टणक आणि एकसारखे चेंडू घेतले, तर रचलेल्या ढिगात ते शेकडा ७४ भाग जागा व्यापतात. ओतून व हलवून बसविलेल्या ढिगात मात्र शेकडा ६४ च्या पुढे जाणे कठीण होते. चौऱ्याहत्तरांहून अधिक दाट रचना संभवत नाही, असा तर्क केप्लर या ज्योतिर्विदाने १६११ मध्ये केला होता. टॉमस हेल्स यांनी १९९८ साली त्याची सिद्धता जाहीर केली.

शिस्तीने बसणे आणि बेशिस्तीने अडकणे, यांतील हा भेद आजच्या विषयाच्या मुळाशी आहे. पदार्थ घट्ट होतो तो कशामुळे? पाणी गोठते तेव्हा त्याचे रेणू परस्परांच्या आकर्षणाने ओळीत बसतात व स्फटिक तयार होतो, हे आपण शाळेत शिकतो. परंतु खिडकीच्या काचेत अशा ओळी नसतात. तिच्या अंतरंगाची मांडणी द्रवासारखी विस्कळीत, आणि तरीही ती टणक! हे कोडे शास्त्रज्ञांना अद्याप पुरते उलगडलेले नाही.

रेणू इतके लहान की त्यांची हालचाल एकेक करून पाहता येत नाही. म्हणून संशोधकांनी मोठे प्रतिनिधी निवडले. शाई, दूध, भिंतीचा रंग यांत अतिसूक्ष्म कण द्रवात तरंगत असतात. अशा मिश्रणास कलिल म्हणतात. द्रवाचे रेणू चहूबाजूंनी धक्के देत असल्यामुळे हे कण अविरत थरथरतात. रॉबर्ट ब्राउन याने ही थरथर १८२७ साली पाहिली आणि आइन्स्टाइनने १९०५ मध्ये तिचे गणित मांडले. थोडक्यात, कलिलातील कण म्हणजे सावकाश चालणारे व सूक्ष्मदर्शकाखाली दिसू शकणारे जणू रेणूच.

इंग्लंडमधील पीटर प्यूसी आणि ऑस्ट्रेलियातील विल्यम व्हान मेगेन यांनी १९८६ साली असाच एक निर्णायक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी पर्स्पेक्स या प्लॅस्टिकचे, सुमारे ०.६ मायक्रॉन व्यासाचे गोल कण घेतले. ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांवर पातळ लेप होता. कणांत आकर्षण जवळपास नाही; थंडावा देणे नाही; बदलायची ती फक्त गर्दी. कणांनी शेकडा ४९ भागांपर्यंत जागा व्यापली असता मिश्रण द्रवच राहिले. त्यापुढे स्फटिक दिसू लागले, आणि शेकडा ५५ च्या सुमारास सर्व मिश्रण स्फटिकमय होऊन त्यात रंगांची झळाळी आली. मात्र शेकडा ५८ च्या आसपास चमत्कार घडला. गर्दी वाढली तशी शिस्तही वाढावयास हवी होती. पण नमुन्यात स्फटिक जमेनासे झाले. कण विस्कळीतच राहिले व मिश्रण थिजले. ही कलिलाची काच होय.

आकर्षण नसताना स्फटिक तरी का बनावा, अशी शंका येईल. जागा अपुरी असता ओळीत बसलेल्या कणास आपल्या ठिकाणी हलण्यास अधिक मोकळीक मिळते, हे त्याचे उत्तर. आल्डर व वेनराइट यांनी संगणकावरील गणिताने असे स्फटिक १९५७ सालीच दाखविले होते.

पण ओळीत बसायचे तर आधी जागा सोडता आली पाहिजे. जामसावळीच्या हनुमान मंदिरात दर्शनाची दाटी झाली असता काय होते ते आठवा. प्रत्येकास पाय हलविता येतो, खांदा वळविता येतो. परंतु शेजारी सरकल्यावाचून जागा सोडता येत नाही, आणि शेजाऱ्याचीही तीच अडचण. प्रत्येक कण असाच शेजाऱ्यांच्या पिंजऱ्यात असतो, व तो स्वतःही दुसऱ्यांच्या पिंजऱ्याचा गज असतो! एरिक वीक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली अशा दाट कलिलात पाहिले, की जे कण सुटतात ते एकटे न सुटता घोळक्याने सरकतात.

आता खरा प्रश्न. ही काच घन पदार्थ आहे, की केवळ अतिशय मंद द्रव? जुन्या गिरिजाघरांच्या खिडक्यांची तावदाने काही ठिकाणी तळाशी जाड आढळतात. त्यावरून काच शतकानुशतके खाली ओघळत असते, असे सांगितले जाते. ते खरे नव्हे. जुन्या कारागिरीत तावदाने सर्वत्र सारख्या जाडीची होत नसत, इतकेच. साध्या तापमानाला खिडकीची काच डोळ्यांना दिसेल इतकी ओघळण्यास विश्वाचे वयही अपुरे पडेल.

परंतु याच्या उलट टोकाचा निकालही घाईने देऊ नये. १९९५ साली कोलंबिया या अंतराळयानातून कलिलाचे नमुने वर पाठविण्यात आले. जे मिश्रण पृथ्वीवर वर्षाहून अधिक काळ काचच राहिले होते, ते भारहीन अवस्थेत दोन आठवड्यांच्या आत स्फटिकमय झाले! तेव्हा पृथ्वीवरील थिजण्यात गर्दीबरोबर गुरुत्वाकर्षणाचाही हात असावा, असे दिसते. तो नेमका कसा, यावर मतभेद आहेत.

या वादात आपल्या देशाचाही वाटा आहे. बंगळूर येथील श्रेयस गोखले, हिमा नागमानसा, राजेश गणपती आणि अजय सूद यांनी प्रकाशकिरणांच्या चिमट्यांनी कलिलातील काही कण जागीच धरून ठेवले व उरलेल्यांची हालचाल तपासली. २०१४ च्या त्यांच्या निबंधाने, एका ठिकाणची हालचाल शेजारी हालचाल जागविते, या विचारसरणीस बळ दिले. तर २०१५ च्या निबंधाने, विस्कळीत मांडणीतही वाढत जाणारी एक लपलेली सुसंगती असते, या प्रतिस्पर्धी मतास. एकाच गटाने दोन्ही बाजूंचा पुरावा निःसंकोच पुढे ठेवावा, हे शास्त्राच्या सचोटीचे लक्षण आहे.

एखादी वस्तू हलत नाही असे म्हणताना आपण तिला किती काळ आणि कोणत्या परिस्थितीत पाहिले, हेही सांगितले पाहिजे. विद्यार्थ्यांनी आपल्या वहीत निरीक्षणाशेजारी हे दोन तपशील नोंदविण्याची सवय लावून घेतली, तर संत्र्यांच्या ढिगापासून अंतराळयानापर्यंतचा आपला हा प्रवास कारणी लागला असे मी समजेन.