झेंड्यावर बाईचं विणकाम

झेंडा म्हटलं की पट्टे, तारे, चंद्र डोळ्यांसमोर येतात. पण दोन देशांच्या झेंड्यांवर चक्क विणकामाची नक्षी आहे. आज आम्ही त्यांच्याविषयी सांगणार आहोत.

मध्य आशियातला तुर्कमेनिस्तान गालिच्यांसाठी प्रसिद्ध. त्याच्या हिरव्या झेंड्यावर काठीच्या बाजूला लाल उभा पट्टा आहे. त्यात गालिच्यावरच्या पाच नक्ष्या एकाखाली एक आहेत. त्या तिथल्या पाच मोठ्या जमातींच्या खुणा. हे गालिचे पिढ्यान्‌पिढ्या बायकाच विणत आल्या. आईकडून लेकीकडे आलेली ही कला १९९२ साली झेंड्यावर गेली. पण त्या विणणाऱ्या बायकांची नावं झेंड्यासोबत कोणी सांगत नाही.

दुसरा देश युरोपातला बेलारूस. त्याच्या झेंड्याच्या कडेला लाल-पांढरी नक्षी आहे, आपल्या लुगड्याच्या काठासारखी. मात्रोना मार्केविच या खेड्यातल्या बाईनं १९१७ साली विणलेल्या नक्षीवरून ती घेतली. त्या नक्षीचं नाव ‘उगवता सूर्य’. १९५१ साली ती झेंड्यावर आली. इथं मात्र विणणारीचं नाव राहिलं.

आपल्या गटांतही गोधड्या, टोपल्या, तोरणं होतात. ‘त्यात काय, बायका करतातच’ असं लोक म्हणतात. कधी आपणही म्हणतो. मग पुढच्या बैठकीत एक ठराव करूया का? विकायच्या प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीवर गटाच्या नावाखाली करणारीचं नावही लिहायचं. नक्षी दूर जाईल, तेव्हा नावही सोबत जाऊ दे.