काटा लालवर गेला, दोष कुणाचा?

ज्यांना ऐकायला जमत नाही, बसमध्ये रेंज जाते, त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा लिहिलेला एपिसोड. बोलताना जे 'म्हणजे म्हणजे' होतं ते काढलंय. बाकी तसंच ठेवलंय.

आज कोडिंग नाही, आज डोझर. हो, तोच, चेनवर चालणारा, पुढं भलंमोठं ब्लेड असलेला. मी बीटेक कॉम्प्युटरवाला, पुण्याच्या कंपनीचं काम जयसिंगपुरातून घरी बसून करतो. माझा आणि ग्रीसचा संबंध सायकलच्या चेनपुरता होता. पण आमच्या मामांचा एक जुना डोझर आहे, आणि या एप्रिलमध्ये तो तापायला लागला. इंजिन नाही, ट्रान्समिशन. काम सुरू केल्यावर तासाभरात तेलाच्या तापमानाचा काटा लालमध्ये. मग अर्धा तास गाडी उभी. तासावर भाड्यानं चालणारी गाडी अर्धा अर्धा तास उभी राहिली तर हप्ता कुठून भरायचा?

मेकॅनिक आला, तेल बघितलं, वास घेतला आणि म्हणाला, "क्लच प्लेटा गेल्यात, बॉक्स उघडायला लागणार." खर्च अडीच लाखांच्या घरात. वर जाता जाता, "ऑपरेटर रेटतोय गाडी, मालक." झालं! मामांनी त्याच दिवशी ऑपरेटर काकांना सांगितलं, पगार थांबला, गाडी सुरू झाली की बघू. काका बावीस वर्षं चेनच्या गाड्या चालवतायत. त्यांनी काहीच उत्तर दिलं नाही, गाडीवरून उतरून बांधावर जाऊन बसले. मी तेव्हा तिथं डबा घेऊन गेलो होतो, म्हणून हे मला माहिती. नाहीतर घरी फक्त 'ऑपरेटरनं गाडी घालवली' एवढंच पोचलं असतं.

आता आधी हे तापतं कशानं ते बघू. ज्यांना वाटतंय पोकलेनचंही असंच असतं, त्यांना सांगतो, नाही. पोकलेनच्या चेनी हायड्रोलिक मोटरवर फिरतात, तिथं तापलं तर हायड्रोलिकच्या तेलाचा विषय. आमच्या डोझरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर आहे. दोन टेबल फॅन समोरासमोर ठेवा, एकच चालू करा, दुसरा वाऱ्यानंच फिरायला लागतो. कन्व्हर्टर म्हणजे तेच, फक्त वाऱ्याच्या जागी तेल. पुढं जास्त ओझं आलं की दुसरं चाक मागं पडतं, आणि जी ताकद चाकापर्यंत पोचत नाही ती तेलातच उष्णता होऊन राहते.

किती उष्णता? ढोबळ हिशोब सांगतो, मला मजा आली करताना. १०० किलोवॅटचं इंजिन धरा, म्हणजे साधारण १३५ हॉर्सपॉवर. ब्लेड अडकलं, चेन थांबली आणि काकांनी रेस दाबूनच धरली, तर सगळे १०० किलोवॅट तेलात. तेल ६० लिटर असेल तर ते सेकंदाला जवळजवळ १ डिग्रीनं तापतं. तीस सेकंद धरलं की तीस डिग्री! नुसतं माती ढकलतानाही वीस-पंचवीस किलोवॅट उष्णता बाहेर काढावी लागते, म्हणजे घरातले दहा-बारा गिझर एकदम चालू. ती बाहेर काढायचं काम ऑईल कूलरचं. आमच्या गाडीत हा कूलर रेडिएटरच्या पाण्यावर चालतो. आतल्या नळ्यांतून पाणी, बाहेरून तेल.

म्हणजे प्रश्न दोनच उरले. उष्णता नेहमीपेक्षा जास्त तयार होतेय, की नेहमीएवढीच तयार होतेय पण बाहेर जात नाही? क्लच घसरणं, ब्रेक घासत राहणं, ऑपरेटरनं रेटणं, तेल कमी होऊन फेस येणं, सगळं पहिल्या बाजूचं. कूलर दुसऱ्या. मेकॅनिकनं दुसरी बाजू बघितलीच नव्हती.

इथं माझी फजिती पण सांगतो. मी आधी म्हटलं, सेन्सरच खोटा असेल. सॉफ्टवेअरवाल्याचा पहिला संशय डॅशबोर्डवर असतो! इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक मागवली, कन्व्हर्टरच्या तेलाच्या चकचकीत पाईपवर धरली, ६२ डिग्री आलं. काटा तर लालमध्ये. मी विजयी चेहऱ्यानं म्हटलं, "मामा, गाडी ठीक आहे, काटा खोटा आहे." ऑपरेटर काकांनी बाटलीतलं पाणी बोटावर घेतलं आणि त्या पाईपवर शिंपडलं. चर्रर्र! थेंब जागच्या जागी उडाले. "बासष्टला पाणी उकळतंय व्हय सायेब?"

नंतर वाचलं तेव्हा कळलं. चकचकीत धातूवर ही बंदूक कमी आकडा दाखवते, कारण तिला दिसते ती बऱ्याच अंशी आजूबाजूची परावर्तित उष्णता. मोजायच्या जागी काळी इन्सुलेशन टेप चिकटवायची आणि टेपवर मोजायचं. टेप लावली, ११८ आलं. काटा खरा होता, माझी बंदूक खोटी. (हे कुणी करणार असाल तर टेप इंजिन बंद असताना लावा, आणि मोजताना पंख्यापासून लांब राहा. सैल शर्ट नको.)

मग दुसऱ्या दिवशी मी तासभर नुसता बसून बघितलं. काका रेटतात का? पहिला गिअर, छोटे छोटे पास, चेन जरा जड झाली की ब्लेड थोडं उचललेलं. एकदाही गाडी अडवून रेस धरली नाही. तासाच्या शेवटी काटा तरीही लालला टेकला. मेकॅनिक मूर्ख नव्हता हं. खरंच बऱ्याच वेळा ऑपरेटरची सवयच कारण असते, दुसऱ्या गिअरला माती ओढणं वगैरे. पण 'बऱ्याच वेळा' म्हणजे 'या वेळी' नव्हे.

तेलाची पातळी बुकात सांगितल्याप्रमाणे इंजिन चालू ठेवून, न्यूट्रलला, तेल गरम असताना बघितली. बरोबर होती. कमी असेल तर पंप हवा ओढतो, जास्त असेल तरी गिअर तेल घुसळतात आणि फेस होतो. दोन्हीकडचे स्टीअरिंग ब्रेक मोजले, डावं-उजवं सारखंच. एक बाजू जास्त गरम असती तर तिथं ब्रेक घासतोय असं धरता आलं असतं. गाळणी काढली, चुंबकावर बारीक लोखंडी भुकटी, पण तुकडे नाहीत, प्लेटांचा चुरा नाही. तेलाला जळका वास मात्र होता.

आता मुख्य गोष्ट, स्टॉल टेस्ट. ब्रेक घट्ट, पूर्ण रेस, गाडी हलू द्यायची नाही, आणि इंजिनाचे फेरे बघायचे. बुकात त्याचा आकडा दिलेला असतो. फेरे जास्त आले तर आत काहीतरी घसरतंय, कमी आले तर इंजिनातच दम नाही किंवा कन्व्हर्टरमध्ये बिघाड. गंमत अशी की ही टेस्ट प्रत्येक गिअरला, पुढं आणि मागं वेगवेगळी करता येते. फक्त रिव्हर्सला फेरे वाढले तर रिव्हर्सचा क्लच. आमच्या भाषेत गिट बायसेक्ट! अट एकच, थोडेच सेकंद धरायचं, आणि दोन टेस्टमध्ये न्यूट्रलला ठेवून तेल थंड होऊ द्यायचं. वरचा हिशोब आठवतोय ना, सेकंदाला एक डिग्री. शिवाय गाडीच्या पुढं-मागं कुणीही उभं राहायचं नाही. टेस्ट काकांनी केली, मी लांबून आकडे लिहिले.

सगळ्या गिअरांना फेरे बुकातल्या मर्यादेत. म्हणजे क्लच धरतायत. मामांना म्हटलं, "बॉक्स उघडायचा नाही." मामा म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला, तुझं ऐकून मी हप्ता घालवू?" बरोबरच होतं त्यांचं. मी म्हटलं, दोन दिवस द्या.

कूलरच्या तेलाच्या दोन्ही टोकांना टेप लावून मोजलं. आत जाताना ११८, बाहेर येताना ११२. फक्त ६ डिग्रीचा फरक! उदगावजवळ त्याच मॉडेलची दुसरी गाडी चालते, तिथं विनंती करून मोजलं, १४ चा फरक. आता नीट विचार करा. कूलर तेलाच्या बाजूनं तुंबला असता तर तेल हळू गेलं असतं, जास्त वेळ आत राहिलं असतं, आणि उलट जास्त थंड होऊन बाहेर आलं असतं. फरक वाढला असता, कूलरच्या आधीचं प्रेशरही. प्रेशर गेज लावून बघितलं, नॉर्मल. म्हणजे तेल भरपूर वाहतंय, पण आपली उष्णता पाण्याला देऊच शकत नाहीये. मध्ये काहीतरी आडवं आलंय. पाणी पण आत-बाहेर जेमतेम २ डिग्रीनं तापत होतं.

कूलर खोलला आणि सगळे गप्प. पाण्याच्या नळ्यांत पांढरट, टणक थर. गिझरच्या कॉईलवर बसतो ना, तसाच, पण खडूएवढा जाड. हा थर तांब्याच्या तुलनेत शेकडो पटीनं कमी उष्णता जाऊ देतो. आणि तो सगळ्यात गरम जागी आधी बसतो, म्हणून इंजिनाचा काटा हिरव्यातच, थोडासा वर, आणि तेल मात्र उकळतंय.

हा थर आला कुठून? आमच्या शिरोळ तालुक्याची गोष्ट इथं सुरू होते. कृष्णा-पंचगंगेच्या काठची ही काळी जमीन, वर्षानुवर्षं उसाला पाट भरून पाणी, निचरा नाही. क्षार वर आले, जमिनी पांढऱ्या पडल्या. शिरोळच्या श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून अशा क्षारपड जमिनी परत पिकाखाली आणायचं काम झालंय. पाईप टाकून झाल्यावर सपाटीकरणाची कामं निघतात, मामांचा डोझर तीच करतो. आणि तिथं रेडिएटरला पाणी कमी पडलं की जवळच्या विहिरीतलं, बोअरचं पाणी. ज्या पाण्यानं शेत पांढरं केलं तेच कूलरमध्ये.

मी काकांकडे बघितलं. काकांनी मामांकडे बघितलं. मामाच म्हणाले, "मीच सांगितलेलं. कूलंटला पैसे कशाला घालवायचे, पाणी घाल म्हणून." दोन वर्षं!

पुढचं पटकन सांगतो. कूलर सांगलीत रेडिएटरवाल्याकडे नेला, नळ्या साफ केल्या, मग हवेचं प्रेशर देऊन पाण्यात बुडवून गळती बघितली. हे चुकवू नका. एखादी नळी फुटलेली असेल तर तेल-पाणी एकत्र होतं आणि मग खरंच बॉक्स उघडायची वेळ येते. ट्रान्समिशनचं तेल आणि फिल्टर बदलले, कारण जास्त तापमानात तेल लवकर मरतं, दर १० डिग्रीला आयुष्य निम्मं असा ढोबळ नियम आहे. रेडिएटर धुऊन तयार कूलंट भरलं. एकूण खर्च मेकॅनिकच्या आकड्याच्या दहाव्या हिश्श्याहून कमी.

परत त्याच शेतात, तेवढ्याच उन्हात मोजलं. आत ९७, बाहेर ८३.

मामांनी माफी वगैरे मागितली नाही, आमच्याकडे तशी पद्धत नाही. थांबवलेला पगार मात्र त्याच संध्याकाळी दिला, आणि कूलंटचा कॅन स्वतः आणून गाडीत ठेवला. काकांनी थर्मामीटरची बंदूक माझ्याकडून मागून घेतली. आता रोज दुपारी दोन वाजता मला व्हॉट्सॲपवर दोन आकडे येतात, बाकी काही नाही. आजचे, ९६ आणि ८२. आणि खाली एक मेसेज, "टेप बदलायला लागत्या, येताना आणा."

चला, उद्या टेप घेऊन जायचंय. भेटू पुढच्या एपिसोडला.